दशरथ घाडीची लेकुरवाळी

मुसळीचं पान जुलैत पिवळं पडत नाही. ते पडायचं दसऱ्याच्या सुमारास. बी गळून जातं, पाऊस आवरतं घेतो, मग पानं लोळण घेतात आणि झाड जमिनीखाली कंदात जाऊन निजतं ते थेट पुढच्या जूनपर्यंत. हे दशरथ घाडीला कुणी शिकवायची गरज नव्हती. म्हणूनच त्या सोमवारी सकाळी, घाटकोपरच्या भटवाडीत आपल्या घरापुढच्या ओट्यावर दात घासत उभा असताना, अर्ध्यात कापलेल्या निळ्या ड्रममधल्या एका पानाच्या टोकाला करंगळीच्या नखाएवढा पिवळा डाग त्याला दिसला, तेव्हा त्याचा ब्रश तोंडात जिथल्या तिथे थांबला.

“काय झाला?” आतून सुगंधानं, त्याच्या बायकोनं विचारलं.

“काय नाय,” तो म्हणाला. त्यानं ते टोक नखानं खुडलं, बोटांत चुरडलं आणि गटारात टाकून दिलं. डाग दिसेनासा झाला की दुखणं गेलं, अशी समजूत लहान मुलांची असते. दशरथ एकोणसाठ वर्षांचा होता.

त्याचं आयुष्य सांगायला फार लांबण लागत नाही. वडील कणकवलीकडून येऊन परळच्या गिरणीत लागले, संपानंतर गिरणी बसली आणि बिऱ्हाड टेकडी चढून भटवाडीत आलं. दशरथ बारावीला आपटला. चार ठिकाणी धडपडून शेवटी मुलुंडच्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्र विभागात, प्रयोगशाळा परिचर म्हणून चिकटला. काचेची भांडी धुवायची, सूक्ष्मदर्शकं पुसायची, जुलैत पोरांची सहल जंगलात निघाली की पुढे चालायचं आणि मागे रेंगाळणाऱ्यांना हाकायचं. चौतीस वर्षं तो हेच करत आला, पण कान आणि डोळे उघडे ठेवून करत आला. चारशे झाडांची लॅटिन नावं त्याला तोंडपाठ झाली. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत एखादी पोरगी रडकुंडीला आली की तो टेबलावरून फडका फिरवता फिरवता नावाची पहिली दोन अक्षरं खोकल्यासारखी टाकून पुढे जायचा. विभागप्रमुख मृणालिनी मॅडमना हे ठाऊक होतं. त्या अशा वेळी खिडकीबाहेर बघत बसायच्या.

त्याला अभिमान दोन गोष्टींचा. एक म्हणजे चौतीस वर्षांत त्यानं लावलेली चिठ्ठी कधी चुकली नव्हती. कागदात दाबून वाळवलेलं झाड असो की पिशवीतलं एखादं पान, जागा, तारीख, नंबर सगळं त्याच्या गोल अक्षरात, बिनचूक. दुसरी गोष्ट त्याचा हात. दशरथनं वाळकी काडी खोचली तरी पालवते, असं भटवाडीत म्हणायचे, आणि तो ‘छे छे’ म्हणत मनातून फुलायचा. या दुसऱ्या अभिमानानं त्याचा घात केला, हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं. माणूस भला होता, त्यात वाद नाही. पण भल्या माणसाला थांबवून ‘बाबा रे, तू नेमकं काय करतोयस’ असं कुणी विचारत नाही, आणि दशरथलाही बारा वर्षं कुणी विचारलं नाही.

बारा वर्षांपूर्वीच्या जुलैत तो पोरांना घेऊन मुलुंडच्या बाजूनं डोंगराच्या पायथ्याशी गेला, तर मुसळीचा अख्खा उतार रानडुकरांनी उकरावा तसा उकरलेला. मुसळीचे कंद म्हणजे पांढऱ्या बोटांचा झुबका. सोलून वाळवले की ताकदीचं औषध म्हणून व्यापारी ते पोत्यांनी उचलतात. हिच्या शास्त्रीय नावातच बोरिवली आहे, कारण तिची पहिली नोंद झाली ती इथल्याच जंगलातून. आणि इथेच कुणीतरी आठवड्याभरात दोनशे झाडं उपटून नेली होती. नऊ उरली होती. दशरथनं त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही. पोरं जेवत होती तेव्हा तो एका खड्ड्याच्या काठावर पाठमोरा बसून रडला, आणि मग त्या नवांतलं सगळ्यांत जोमदार झाड उकरून रुमालात गुंडाळून घरी घेऊन आला.

बाकीच्यांना तीन-चार बोटं असायची, हिला अकरा निघाली. दशरथनं तिचं नाव लेकुरवाळी ठेवलं. मुसळीचं बी नखऱ्याचं, शंभरातलं दहा उगवलं तरी नशीब. त्यापेक्षा कंदाचं एकेक बोट डोळ्यासकट सुटं करून लावलं की बोटागणिक एक झाड मिळतं. मग दर जुलैत सहलीच्या पिशवीत त्याचा एक जास्तीचा डबा असायचा, लेकुरवाळीच्या बोटांचा. मुलुंड, भांडुप, विहार तलावाची कड, बोरिवलीकडच्या दोन जागा आणि आरेतला एक उतार, जिथे जिथे खणणाऱ्यांनी खड्डे करून ठेवले होते तिथे तिथे पोरं जेवायला बसली की हा खुरपं काढायचा. नव्या जागी बोट रुसू नये म्हणून प्रत्येकाभोवती घरच्या ड्रममधल्या मातीचा लाडवाएवढा गोळा वळायचा. “माहेरची माती बरोबर दिली की सासरी रुळते,” असं तो सुगंधाला सांगायचा. वनखात्याची परवानगी घेतलेली नव्हती, मॅडमच्या कानावर घातलेलं नव्हतं. चांगल्या कामाला कसली आलीय परवानगी, असा त्याचा हिशेब.

फक्त एका माणसानं त्याला नाही म्हटलं होतं. आरेतल्या त्या उताराच्या खाली, ओहोळाच्या कडेला एक पाडा आहे. तिथली शेवंती, सत्तरीची वारली बाई, आपल्या घरामागच्या मुसळीची कोवळी पानं भाजीसाठी खुडते. पहिली पानं देवापुढे ठेवल्याशिवाय तिच्या घरात कुणी ती तोंडाला लावत नाही, आणि बी पडल्याशिवाय कंदाला हात लावत नाही. आठ वर्षांपूर्वी दशरथ मोठ्या प्रेमानं तिच्याकडे डबा घेऊन गेला. तिनं एक बोट उचललं, उलटसुलट पाहिलं आणि परत डब्यात ठेवलं.

“वरच्या उतारावर लावतोस तो तूच ना?” ती म्हणाली. “आमची एक कडू, एक गोड. एकीचं पान रुंद, एकीचं दोरीसारखं. सगळ्या मिळून शिजवल्या म्हणजे भाजी लागते. वरची तुझी खाऊन बघितली मी. सगळ्या एकाच चवीच्या. तुझी लेकुरवाळी तुझ्याकडंच ठेव रे बाबा.”

दशरथ तेव्हा हसला होता. म्हातारीला भाजीपलीकडे काय कळतंय, असं म्हणून त्यानं डब्याचं झाकण लावलं.

गार्गी ही मृणालिनी मॅडमची पीएचडीची विद्यार्थिनी. तिचा विषय मुसळीचाच. दिसायला सारखी असलेली रानातली झाडं आतून वेगवेगळी असतात. कुणाला कोरडा दुष्काळ सोसतो, कुणाला कीड शिवत नाही. हा आतला फरक जितका जास्त, तितकी सगळ्यांनी मिळून तगून राहायची आशा जास्त. मुंबईच्या रानात तो फरक किती उरला आहे, हे तिला पानांतून डीएनए काढून तपासायचं होतं. गेल्या जुलैत दशरथनं तिला सहाही जागा फिरवून दाखवल्या. प्रत्येक जागेची वीस-वीस झाडं त्यानंच निवडून दिली, अर्थात सगळ्यांत जोमदार. पानं त्यानंच पिशव्यांत भरली, चिठ्ठ्या त्यानंच लावल्या. शेवंतीच्या घरामागे तेवढी गार्गी एकटी गेली, कारण म्हातारीनं पोरीला आत नेलं आणि याला पुढच्या ओट्यावर बसवून चहा दिला.

ड्रममध्ये पिवळा डाग दिसला त्याच्या तिसऱ्या दिवशी, बुधवारी, गार्गीच्या हाती निकाल आले. जेलच्या पातळ वडीवर प्रत्येक झाडाची एक उभी रांग उमटते आणि तिच्यात चमकणारे आडवे पट्टे दिसतात. दोन रांगांचे पट्टे तंतोतंत जुळले तर ती दोन झाडं नव्हेतच, एकाच झाडाचे दोन तुकडे. गार्गीनं फोटो टेबलावर पसरले. सहा जागा, एकशे वीस रांगा, आणि पट्टे सगळीकडे तेच, त्याच उंचीवर. शेवंतीच्या घरामागच्या चौदा झाडांत मात्र एकीसारखी एक नव्हती.

“मुलुंड आणि बोरिवलीच्या मध्ये अख्खा डोंगर आहे,” मॅडम म्हणाल्या. “दोन्हीकडे एकच झाड कसं असेल? एकाच झाडाची पानं सगळ्या पिशव्यांत गेलीयत, गार्गी.” मग त्यांनी चष्मा काढला आणि पुसता पुसता विचारलं, “दशरथ, या पिशव्या तुम्हीच भरल्या होत्या ना?”

“मीच भरल्या.”

“आणि पाड्यावरच्या?”

“त्या मी भरल्या, मॅडम,” गार्गी हळूच म्हणाली.

“मग झालं तर. गडबड झाली असेल, दशरथ. वय होतं माणसाचं. गार्गी, वर्ष फुकट गेलं तुझं. सगळं परत गोळा कर.”

चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या चिठ्ठीवर कुणी संशय घेतला होता, आणि चिठ्ठ्या बरोबर होत्या. एकशे वीसच्या एकशे वीस बरोबर होत्या. त्या खोलीत हे फक्त त्याला कळत होतं. मुलुंडला, भांडुपला, विहारला, बोरिवलीला, आरेत, सगळीकडे खरोखरच एकच झाड उभं होतं, आणि ते त्यानं उभं केलं होतं. सांगायला म्हणून त्यानं तोंड उघडलं. “चहा टाकतो,” एवढंच म्हणून तो बाहेर निघून गेला.

संध्याकाळी घरी येऊन त्यानं ड्रमशी बसकण मारली. सोमवारी एक पान पिवळं होतं, आता चार झाडं पिवळी होती. त्यानं एक उपटायला धरलं, पण जोर लावायची वेळच आली नाही, ते अलगद हातात आलं. खाली बोटं नव्हती. तपकिरी लगदा होता आणि त्याला आंबलेल्या भातासारखा वास येत होता. त्यानं दुसरं उपटलं, तिसरं उपटलं. सगळ्यांची तीच गत.

सुगंधा दारात येऊन उभी राहिली. त्याची दशा बघून तिला वाईट वाटलं. “अवो, रवांदे ता आता,” ती म्हणाली. “डोंगरात असत मां तुमची शेकड्यांनी?”

तिनं समजूत घालायला म्हटलं, पण दशरथला आपला डबा आठवला. गेल्या जुलैत याच ड्रममधली बोटं त्यानं सहाही जागी लावली होती. बोटं, आणि बोटांभोवती माती.

शुक्रवारी गार्गीबरोबर तो मुलुंडच्या उतारावर गेला. पहिल्या तीन झाडांच्या टोकांना पिवळं होतं, त्यांच्यापुढच्या सात झाडांना होतं, आणि त्यानंतर त्यानं मोजलं नाही.

“काका, ही अशी का झालीयेत?” गार्गीनं विचारलं.

“पाणी साचलं असेल.”

उतारावर पाणी साचत नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळलं असतं. गार्गीनं मात्र मान डोलावली आणि ती मुकाट्यानं पिशव्या भरू लागली, कारण सांगणारे दशरथकाका होते. त्याला स्वतःची लाज वाटली. पण निवृत्तीला सात महिने उरले होते. सभागृहात शाल मिळायची होती, मॅडम चार चांगले शब्द बोलणार होत्या, आणि त्याच सभागृहात ‘जंगलाची वाट लावली ती यानंच’ ही कुजबुज त्याला ऐकायची नव्हती. एवढ्याशा शालीसाठी तो गप्प राहिला. त्याला दुसरं नाव नाही, भित्रेपणाच तो.

शनिवारी रजा टाकून तो एकटाच आरेत गेला. बसमधून उतरल्यावर वरच्या उताराकडे जायचं त्याला धाडस झालं नाही, म्हणून आधी पाड्याकडे वळला. शेवंती ओहोळापलीकडे कुंपणाशीच उभी होती.

“तिथंच थांब,” ती म्हणाली.

तो थांबला.

“तुझ्या लेकुरवाळ्या पिवळ्या पडल्यात वरती. आषाढात. काय लागलंय त्यांना?”

“कंद कुजतायत,” दशरथ म्हणाला. “माझ्याकडनंच गेलंय ते. माझ्या मातीतनं.”

शेवंतीनं वर बघितलं, मग खाली. “पाणी तिकडनं इकडंच उतरतं,” ती म्हणाली. ओहोळ दोघांच्या मधूनच वाहत होता, गढूळ आणि भरलेला. “तुझ्या पायाला वरची माती आहे?”

“आज नाही. मी वर गेलोच नाही.”

“तरी आत येऊ नको रे. बस हवं तर, चहा तिथंच आणून देते.”

तिच्या आवाजात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. वीस वर्षं हा माणूस त्या ओट्यावर बसत आला होता. चहासाठी तो थांबला नाही. परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर रान मागे पळत होतं आणि त्याला त्यातल्या एकाही झाडाकडे बघवेना.

सोमवारी कॉलेज उघडताच तो मॅडमच्या खोलीत गेला, दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. नऊ झाडं, अकरा बोटं, डबा, खुरपं, माती. गार्गी तिथेच होती. आधी तिचा चेहरा उजळला, कारण तिचं काम चुकलेलं नव्हतं. मग बाकीचं तिच्या ध्यानात आलं आणि ती खुर्चीत बसली.

मॅडम चिडतील, असं दशरथला वाटलं होतं. त्यांनी कागद पुढ्यात ओढला.

“सगळीकडे तेच खुरपं?”

“हो.”

“मधे कधी धुतलंत?”

“नाही, मॅडम.”

“आणि माती त्याच ड्रममधली? दर वर्षी?”

“हो.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “रानात रोग येतोच, दशरथ. शंभरातली साठ मरतात, चाळिसांना तो झेपतो, आणि त्या चाळिसांवर रान परत उभं राहतं. तुम्ही शंभरच्या शंभर जागी एकच झाड लावलंत. जे हिला झेपणार नाही, ते एकीलाही झेपायचं नाही.”

“मी तर ती वाचावी म्हणून लावली.”

“माहितीय मला,” त्या म्हणाल्या. “चिठ्ठ्यांबद्दल मी बोलले ते मात्र चुकीचं बोलले.”

त्या माफीनं त्याला आणखीच ओशाळवाणं वाटलं.

त्याच दिवशी वनखात्याला कळवलं गेलं. बाकीच्या पाच जागा बंद करून नुसतं बघत बसण्यापलीकडे काही करता येण्यासारखं नव्हतं. आरेचा उतार मात्र तातडीनं रिकामा करायला हवा होता. त्याच्या खालीच शेवंतीची चौदा झाडं होती, मुंबईच्या रानातल्या जुन्या मुसळीची माहीत असलेली तेवढीच उरलेली, आणि गुरुवारपासून मोठा पाऊस सांगितला होता. वरची कुजकी माती धुऊन ओहोळात उतरली की सगळंच संपणार होतं. म्हणून एकूण एक झाड कंदासकट उपटायचं आणि चुन्याच्या पिंपात टाकायचं ठरलं.

“पण मॅडम, त्यांत एखादं मूळचं असलं तर?” गार्गी म्हणाली. “गेल्या वर्षी आपण वीसच तपासली. तिथे साठ-सत्तर आहेत.”

“तपासायला किती दिवस?”

“तीन आठवडे.”

“आणि पाऊस गुरुवारी,” मॅडम म्हणाल्या. “एकेक पान काढून ठेव. नंबर टाक. निदान काय होतं ते तरी कळेल.”

“काका ओळखतील मूळचं,” गार्गी म्हणाली. “ओळखाल ना, काका? मग तेवढं एक बाजूला ठेवता येईल.”

“ओळखीन,” दशरथ म्हणाला. बारा वर्षं त्या झाडांपुढे गुडघे टेकलेल्या माणसाला एवढं तरी यायलाच हवं होतं.

बुधवारी सकाळी ते उतारावर पोचले. वनखात्याचे दोघे, गार्गी आणि दशरथ. चपलांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या. झाडं अर्धीअधिक पिवळी पडली होती. गार्गी त्याच्याकडे आशेनं बघत होती. तो ओणवा झाला, एकेका झाडाच्या बुडाशी बोटं घालून बघू लागला. पानाची रुंदी, बुंध्याचा रंग, फुलाचा दांडा. मूळच्या झाडांना सोबत व्हावी म्हणून आपल्या बोटांचे गोळे त्यानं त्यांना खेटूनच लावले होते. दर वर्षी येऊन आपल्या लेकी कशा वाढल्या तेवढंच बघितलं होतं. त्यांच्या शेजारी कोण उभं आहे, हे त्यानं कधी धड पाहिलंच नव्हतं.

“काका?”

“सांगता येत नाही गं,” तो म्हणाला. “नाही ओळखता येत मला.”

गार्गीनं पहिल्या झाडाचं पान कापलं. दशरथनं चिठ्ठी लिहिली, ती पिशवीत सरकवली आणि मग झाड उपटलं. ते काम त्यानं वनखात्याच्या माणसांना करू दिलं नाही. लगदा. दुसरं, लगदा. पंधराव्यापर्यंत हातमोज्यांतूनही वास येऊ लागला. विसावं, एकविसावं, बाविसावं, सगळी सडलेली.

तेविसाव्याची चिठ्ठी लिहून त्यानं झाड ओढलं, तर ते आलं नाही. जमिनीनं घट्ट धरलं होतं. त्यानं खुरपं घातलं आणि वर काढलं. चार बोटं, पांढरीशुभ्र, टणक, तुळशीच्या मुळासारखा मातीचा चांगला वास. बाविसावं त्याच्या एका बाजूला वीतभर अंतरावर सडलेलं, आणि दुसऱ्या बाजूचं चोविसावं न उपटताच आडवं झालेलं.

गार्गी पाठमोरी होऊन चोविसाव्याचं पान कापत होती. वनखात्याचे दोघे पिंपापाशी होते. खिशात रुमाल होता. हिला रोग झेपला म्हणून ही पांढरी आहे, की रोग हिच्यापर्यंत अजून पोचला नाही म्हणून? लेकुरवाळीलासुद्धा पहिल्या वर्षी चारच बोटं येतात. बारा वर्षांपूर्वी असंच एक झाड बघून त्याला असंच वाटलं होतं, की हे वेगळं आहे, हे वाचवायला हवं, आणि आपल्याला कळतंय. त्याला तेव्हाही अगदी असंच कळत होतं. खिशाकडे गेलेला हात त्यानं मागे घेतला.

“काका, काही वेगळं दिसतंय का?” गार्गीनं मागे न वळता विचारलं.

त्याला स्वतःच्या हाताची भीती वाटली, स्वतःच्या डोळ्यांची त्याहून जास्त. आपण म्हणू ते पुन्हा खोटं ठरेल, पुन्हा कुणाच्या तरी काचघरात, कुणाच्या तरी घरामागे जाऊन सगळं कुजवेल, असं त्याला वाटलं.

“नाही,” तो म्हणाला. “सारखीच आहेत सगळी.” आणि त्यानं ते झाड पिंपात टाकलं. चुना थोडा फसफसला.

एकूण अडुसष्ट झाली. दुपारपर्यंत उतार मोकळा झाला. गुरुवारी सांगितल्याप्रमाणे पाऊस आला आणि चार दिवस कोसळत राहिला. शेवंतीची चौदा झाडं ऑगस्ट उजाडला तरी हिरवी होती. ती वाचली की नुसती टिकून आहेत, हे पुढच्या जूनपर्यंत कुणालाच कळणार नव्हतं. बाकीच्या पाच जागांवरून रोज फोटो येत होते. मॅडम ते बघायच्या आणि फोन पालथा ठेवायच्या.

तीन आठवड्यांनी दशरथ भांडी धूत असताना गार्गी प्रयोगशाळेत आली. तिच्या हातात जेलचा फोटो होता आणि दुसऱ्या हातात एक चिठ्ठी, त्याच्याच गोल अक्षरातली: आरे, वरचा उतार, तेवीस.

“सदुसष्ट लेकुरवाळीच आहेत, काका,” ती म्हणाली. “हे एक वेगळं आहे. शेवंतीआजींच्या चौदांपैकीही कुणाशी जुळत नाही. असं दुसरं कुठेच नाहीये.” तिचे डोळे भरले होते, पण ती अजून काहीतरी जुळवू बघत होती. “सगळ्यांबरोबर हेही सडलंच असेल ना? आठवतंय तुम्हाला? याचे कंद कसे होते?”

नळ तसाच वाहत होता. ‘नाही आठवत’ म्हटलं असतं तर तिनं विश्वास ठेवला असता.

“पांढरे,” दशरथ म्हणाला. “दोन्हीकडची सडली होती. मधलं ते एकटंच पांढरं होतं.”